अव्वाची पूजा

१

भांड्यांच्या दुकानात बसणाऱ्या बाईला आरसा विकत घ्यावा लागत नाही. आमचं दुकान सोनपेठात, आठवडी बाजाराच्या तोंडाशी आहे. समोर स्टीलची ताटं, डोक्यावर टांगलेल्या बादल्या, पाठीमागे पितळी घागरी. जिकडे मान वळवाल तिकडे आपलंच तोंड, कुठे लांबट, कुठे फुगीर, कुठे उलटं. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. पुढे सवयीनं ते दिसेनासं झालं. या उन्हाळ्यात मात्र पुन्हा दिसायला लागलं, कारण सगळीकडे ते लाल होतं.

समोर भाजी घेऊन बसणारी बायनाबाई पाणी प्यायला दुकानात आली आणि तांब्या तोंडाला लावायचा सोडून माझ्याकडे बघत राहिली.

"वैनी, तोंडाला काय झालं वं? मालकानं हात उचलला का काय?"

"त्यांची हिंमत हाय का?" मी म्हणाले. "उन्हानं झालंय."

"मी दिवसभर उन्हात बसते, मला न्हाई झालं ते."

"तुमी काळ्या हाव म्हणून दिसत न्हाई."

बायनाबाई हसली, पाणी प्याली आणि गेली. उन्हाचं कारण मी तिला दिलं तसं स्वतःलाही देऊन टाकलं होतं. नाक, दोन्ही गाल, हनुवटी. सावळ्या रंगातून विटकरी लाली वर यायची आणि कातडी तापायची. पण उन्हाचं कारण टिकेना. दुपारी दुकानाचे पत्रे तापून वास सुटायचा तेव्हा माझा चेहरा थंड असायचा. तापायचा तो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, घर सगळ्यात गार असतं त्या वेळेला.

२

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही उगाचच मिरवतो, पण कातडीचा डॉक्टर पाहिजे असला की एसटीत बसून परभणीलाच जावं लागतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. भिंग लावून त्यांनी माझे गाल बघितले, बोटानं दाबले, सोडले.

"रोझेशिया असू शकतो," त्या म्हणाल्या. "आपल्याकडच्या रंगावर तो पटकन ओळखू येत नाही. गोरेपणाचं काही क्रीम लावत होतात का?"

मी खाली बघितलं. मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब मी बरेच दिवस लावली होती. लग्नसराईत सगळ्याच लावतात.

"त्यात स्टेरॉइड असतं. त्यानंही चेहरा असाच लाल होतो. आणि ल्युपस म्हणून एक आजार आहे, त्यासाठी रक्त तपासू. ट्यूब आजपासून बंद. हे जेल लावा. तिखट, ऊन, गरम चहा, चिंता, यातलं कशानं वाढतं ते बघा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का?"

"न्हाई."

"झालं तर लगेच या. डोळ्यांवर गेलं आणि हयगय केली तर नजरेला धोका असतो."

मी उठायला लागले तशी त्यांनी पुन्हा माझ्या कपाळाला हात लावला.

"विभूती लावता ना तुम्ही?"

"आमच्या लिंगायतांत लावतात. पण सासूबाई गेल्यापासून मी न्हाई लावली."

"असं?" त्यांनी दिवा जवळ ओढला. "मग हे तीन पट्टे कसे राहिले? सगळं कपाळ लालसर आहे आणि मधे तीन आडवे पट्टे अगदी स्वच्छ." मग त्यांनीच उत्तर देऊन टाकलं. "वर्षानुवर्षं लावत असाल. तेवढ्या कातडीला ऊन लागलं नसेल."

मला ते पटलं. मी बारावी सायन्स आहे, पटण्यासारखं कारण मिळालं की मी ते पदराला गाठ मारून ठेवते. बसमध्ये बसल्यावर आठवलं की अव्वा असतानासुद्धा मी विभूती लावायची ती सणासुदीलाच, आणि तीही बोटानं टेकवल्यासारखी.

३

अव्वा म्हणजे माझी सासू, चन्नबसम्मा. शिवरात्रीच्या थोडं आधी ती गेली. दुकानाच्या मागच्या मधल्या खोलीत, खिडकीखाली तिचा पाट असायचा. मशिदीत पहाटेची अजान झाली की अव्वा पाटावर बसायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून आपलं इष्टलिंग काढायची, ताम्हणात धुवायची, त्याला विभूतीची तीन बोटं ओढायची आणि डाव्या तळहातावर ठेवून डोळ्यांसमोर धरायची. मग नळ येईपर्यंत तिची पापणी हलायची नाही. नळ आला की पूजा संपायची, कारण पाणी भरायला पुन्हा तीच पुढे.

आता पाट भिंतीला टेकवून उभा होता. अजान व्हायची, मी उठायची, ओट्याशी जायची. गॅस पेटवायच्याही आधी गालाला ऊब लागायची. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की हे आतून येतं, रक्ताच्या नळ्या फुगतात. मला ते बाहेरून आल्यासारखं वाटायचं. अंधारात कुणी समई जवळ आणून आपलं तोंड बघावं, तसं. आणि बघणारं माणूस घाईत नाही, हेही कळायचं.

मी चहा सोडला. तिखट सोडलं. परसात जाऊन उभी राहिले, गच्चीवर गेले, न्हाणीत दार लावून बसले. ऊब माझ्यासोबत यायची आणि पाइपात फुसफुस होऊन नळाची धार बादलीत पडली की जायची.

एकदा मी मधल्या दारानं दुकानात गेले. शटर खाली होतं. दिवा लावला तर सगळी ताटं माझ्याकडे बघत होती आणि प्रत्येक ताटात एक लाल तोंड होतं, कपाळावर तीन पांढरे पट्टे. मी बोटानं कपाळ पुसलं. बोटाला काही लागलं नाही. पुसून पुसून पट्टेही गेले नाहीत.

त्याच दिवशी पहिल्यांदा डोळे खुपले. वाळू गेल्यासारखे.

नजर गेली तर मी दुकानात बसणार कशी, बाई? खरं सांगायचं तर दुकानाचं नंतर सुचलं. आधी वाटलं ते हे, की अंधारात बसून राहायचं आणि ते तोंडाजवळ आलेलं काय आहे ते कधीच दिसायचं नाही.

४

"जेल लाव, गोळ्या घे," शिवप्रकाश म्हणाले. माझे मालक. भांड्यांचा आवाज ऐकून ऐकून स्वतः हळू बोलणारा माणूस. "पण एक सांगू का? अव्वा गेल्यापासून तू पूजेला बसली न्हाईस. मनाला चैन नसलं की अंगावर निघतं."

"तुमी बसता का?"

"मी पुरुष हाव," ते म्हणाले, आणि आपल्यालाच ते पटलं नाही असं तोंड करून दुकानात गेले.

माझी डबी माझ्या गळ्यात होती. एरवी ती मी कधी काढत नव्हते आणि कधी उघडतही नव्हते. लहानपणी दीक्षा देताना स्वामींनी हे लिंग माझ्या हातावर ठेवलं होतं आणि कानात सांगितलं होतं की हे म्हणजे तूच, याला स्वतःपासून वेगळं समजू नको. सगळ्यांचं दिसायला सारखंच असतं, काळं, गुळगुळीत, जांभळाएवढं. म्हणून तर ज्याचं त्यानं सांभाळायचं.

नवी नवरी होते तेव्हा अव्वा मला शेजारी बसवून पूजा करायला लावायची. माझा हात थरथरायचा. नजर लिंगावर ठरवायची तर हात अधिकच हलायचा. मग अव्वा आपला तळहात माझ्या तळहाताखाली लावायची. खरखरीत, गरम हात. "हात हालला की नजर हालती," म्हणायची. माझं लक्ष नळाकडे. मी विचारायची, "झालं का, अव्वा?" ती म्हणायची, "अजून न्हाई," आणि हात काढायची नाही. मला राग यायचा. आणि त्या घरात माझ्याकडे नीट बघणारी तेवढी एकच होती, हेही मला ठाऊक होतं. माझं तोंड उतरलं की जेवायला वाढून आणायची, कारण विचारायची नाही.

मी पाट आडवा मांडला. डबी उघडली. लिंग उचललं तर अंगठ्याखाली खडबडीत लागलं.

बुडाशी बारीक टवका उडालेला होता आणि त्यात काळं मेण भरलेलं होतं. ते मेण मीच आणून दिलं होतं. न्हाणीत अव्वाचा पाय घसरला तेव्हा तिचं लिंग दगडावर आपटलं. लिंग पडणं आमच्यात लहान गोष्ट नाही. "कुणाला सांगू नको," एवढंच ती म्हणाली, आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

हे अव्वाचं होतं. मग माझं कुठे होतं?

५

नणंदेला फोन केला. रुद्राणीआक्का जिंतूरकडे, बोरीला दिलेली. अव्वाला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती.

"आक्का, त्या दिवशी अव्वाचं लिंग धुवायला काढलं तवा माझं बी मागितलं होतं ना तुमी?"

"मागितलं होतं. म्हटलं दोन्ही धुऊन घेऊ, तुझ्या हातून कुठं पूजा होणार व्हती त्या गडबडीत. कामून?"

"दोन्ही एकाच ताम्हणात ठेवली?"

"हो."

"स्वामींनी हात पुढं केला तवा कोणतं दिलं?"

"अव्वाचंच दिलं की. खिडकीकडचं अव्वाचं व्हतं." तिनं तिकडचा पंखा बंद केला. "ताम्हण मधी कुणीतरी उचललं व्हतं खरं. वाट द्यायला. पुन्हा ठेवलं." मग ती घाईनं म्हणाली, "महेश्वरी, सगळी लिंगं सारखीच गं. एवढं काय त्याचं? तुझ्या तोंडाचं काय झालं? दादा सांगायलता."

"बरं हाय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर त्याचं स्वतःचं लिंग ठेवतात, वर बेलपानं, विभूती घालतात आणि माती लोटतात. जन्मभर ज्याच्याकडे बघितलं, त्याच्याकडेच बघत बसायचं.

अव्वा तशी बसलेली होती. गोदावरीकडच्या आमच्या वावरात, कडुलिंबाच्या जवळ. तिच्या डाव्या हातावर मी होते. आणि अव्वाची पापणी हलायची नाही.

मी स्वतःला खूप समजावलं. मेलेलं माणूस बघत नसतं. क्रीममुळे झालंय, डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत, रक्ताचा रिपोर्ट यायचाय. कपाळावरचे पट्टे म्हणजे जुनी सवय. सगळी कारणं बरोबर होती. दुसऱ्या दिवशी अजान झाली आणि ऊब गालाला लागली तेव्हा त्यातलं एकही कामाला आलं नाही. डोळे इतके खुपले की मी पदर ओला करून त्यांवर धरून बसले, आणि पदरातूनही मला कळत होतं की ती बघते आहे.

६

शिवप्रकाशांना सांगितलं. ते हसले नाहीत, तेच जास्त वाईट. आम्ही दोघं स्वामींकडे गेलो. म्हातारे आहेत, माणसाच्या तोंडाकडे बघून ऐकतात.

"समाधी उकरत न्हाईत," ते म्हणाले. "बसलेल्या माणसाला उठवायचं न्हाई. तिचं हाय ते तिला पोचतं करा. तुमाला मी नवं देतो."

"आणि माझं?"

"ते आता तिचं," स्वामी म्हणाले.

वावरात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. उन्हाळ्यात आमची काळी माती फाटते. भेगा अशा पडतात की वासराचा पाय अडकावा. समाधीचा ओटा अजून बांधलेला नव्हता, नुसता मातीचा उंचवटा, आणि त्याच्या उशाशी एक भेग सरळ खाली गेलेली होती. शिवप्रकाश कडुलिंबाखाली थांबले. त्यांना फोन आला, ठोक व्यापाऱ्याचा, आणि ते मला पाठ करून डब्यांच्या भावाबद्दल बोलायला लागले. त्यांच्या आवाजाचा मला आधार वाटला.

मी गुडघ्यांवर बसले. टवक्याचं लिंग डाव्या मुठीत घेतलं आणि हात भेगेत घातला. वर माती चटके देत होती. कोपरापर्यंत गेला तेव्हा खाली गार लागलं. न्हाणीतल्या ओल्या दगडासारखं गार. आणि विभूतीचा वास आला, नुकत्याच डबी उघडल्यासारखा.

चेहरा तापायला लागला. वेळ पूजेची नव्हती. इतका तापला की डोळ्यांतून पाणी गळून मातीत पडलं.

"अव्वा, तुमचं आणलंय," मी म्हणाले. दुसरं काय बोलणार?

मी मूठ उघडली. लिंग खाली पडल्याचा आवाज येईल म्हणून कान दिला. ते पडलं नाही. माझ्या तळहातावरून ते उचललं गेलं. सासू सुनेच्या हातून पाण्याचा तांब्या घेते तसं, न हिसकता, न सांडता.

मी हात वर ओढला. दंड खरचटला, बांगडी फुटली. शिवप्रकाश धावत आले.

"काय झालं?"

"काही न्हाई. दिलं."

भेग खाली अरुंद होत जाते, लिंग तिथं मातीत अडकलं असणार. घरी येईपर्यंत मी हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं की मोटारसायकलच्या आवाजात तेच ऐकू यायला लागलं. माझं परत मागायचं धाडस मला झालं नव्हतं. आता तिच्याकडे दोन्ही होती.

७

दुसऱ्या दिवशी पहाटे ऊब आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डोळ्यांतली वाळू गेली. बायनाबाईनं पाणी पिता पिता निकाल दिला, "आता दिसायलाव पयल्यावानी." ताटांत माझं तोंड सावळं, साधं दिसायला लागलं, आणि मी ते पुन्हापुन्हा बघायला लागले, नवरी असताना बघायची तसं.

परभणीला रिपोर्ट घेऊन गेले. ल्युपस नव्हता.

"जेल लागू पडलं," डॉक्टरीणबाई खूश होत्या. "म्हणजे रोझेशियाच असावा. किंवा ते क्रीम बंद केलंत त्यानं उतरलं असेल."

"नक्की काय होतं?"

"नक्की सांगणं अवघड आहे. रोझेशिया असेल तर तो कायमचा जात नाही. आटोक्यात राहतो. अधूनमधून वर येईल, घाबरायचं नाही."

मी त्यांच्याकडे बघून हसले. मला ते फार आवडलं, कागदावर लिहून देण्यासारखं होतं. माणसाला काहीतरी नाव पाहिजे असतं. एसटीत खिडकीशी बसून मी ते नाव मनाशी म्हणत आले.

सोमवारी स्वामी घरी आले आणि त्यांनी मला नवं लिंग दिलं. "याला रोज बघायचं," ते म्हणाले. "बघितलं न्हाई तर ते दगडच."

म्हणून आज पहाटे अजान झाल्यावर मी पाट मांडला, खिडकीखाली, तिच्याच जागी. ताम्हण, पाणी, विभूती. लिंग धुतलं, तीन बोटं ओढली, तीन बोटं माझ्या कपाळाला ओढली. डाव्या तळहातावर ठेवलं आणि डोळ्यांसमोर धरलं. चेहरा गार होता. इतका गार, इतका माझा, की मला रडू आलं. सुटले, असं वाटलं. लिंगाच्या काळ्या गुळगुळीत अंगावर खिडकीचा एक बारीक उजेड होता, त्यावर मी नजर ठेवली. नजर ठरली. पहिल्यांदाच इतकी ठरली. मन निवांत झालं आणि किती वेळ गेला ते कळलं नाही.

मग पाइपात फुसफुस झाली, बादलीत धार पडली, आणि माझ्या लक्षात आलं की तो उजेड जागचा हललेला नाही. माझा हात थरथरत नव्हता.

मी खाली बघितलं नाही. तळहाताच्या मागच्या बाजूला काहीतरी खरखरीत टेकलेलं होतं. गरम नव्हतं, न्हाणीतल्या ओल्या दगडासारखं गार होतं. मला भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

बादली भरली, वाहायला लागली. आतून शिवप्रकाश म्हणाले, "महेश्वरी, नळ आलाय."

"झालं का, अव्वा?" मी हळूच विचारलं, आणि हात खाली घ्यायला गेले.

हात खाली गेला नाही.